बायबलची पहिली पाच पुस्तकं: अभ्यासाला बसल्यावर हमखास पडणारे प्रश्न

ही पाच पुस्तकं नेमकी कोणती?

उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. सगळे मिळून १८७ अध्याय. ज्यू परंपरेत यांना तोरा म्हणतात, ख्रिस्ती लिखाणात पंचग्रंथ किंवा मोशेचं नियमशास्त्र. मोशे म्हणजे इस्राएली लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून बाहेर काढणारा नेता. ‘नियमशास्त्र’ ऐकून कलमांची जंत्री डोळ्यांसमोर येते, पण उत्पत्तीमध्ये कायदा जवळजवळ नाहीच. तिथे जगाची निर्मिती आहे, महापूर आहे, अब्राहामाचं घराणं आहे आणि त्या घराण्यातली भावाभावांची भांडणं आहेत. कायदे निर्गमात सुरू होतात, आणि तिथून पुढे कथा आणि कायदा एकमेकांत असे गुंतत जातात की एक बाजूला काढून दुसरं वाचता येत नाही. परक्याला छळू नका, ही आज्ञा घ्या. तिच्या पाठोपाठ कारण येतं: तुम्हीही मिसर देशात परके होता. ती कथा वगळली तर आज्ञेला आधारच उरत नाही.

उत्पत्ती आणि निर्गम झरझर वाचून होतं, लेवीयमध्ये गाडी अडते. काय करावं?

सगळ्यांचीच अडते. निवासमंडपाची (रानातल्या प्रवासात बरोबर नेलेल्या तंबूच्या देवस्थानाची) लांबी-रुंदी वाचून आधीच दमलेला वाचक पुढे थेट होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण यांच्या कृतीत येऊन पडतो.

माझा सल्ला असा की लेवीय पहिल्या अध्यायापासून वाचूच नका. आधी १९वा अध्याय वाचा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. बहिऱ्याला शिवी देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. वजनमापात खोट करू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. मग २५वा अध्याय, म्हणजे योबेल वर्ष: पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. त्यानंतर १६वा, प्रायश्चित्ताचा दिवस. एवढं झाल्यावर पहिल्या सात अध्यायांकडे वळा. एव्हाना तिथले बारकावे दिसू लागलेले असतात. पाचव्या अध्यायात पापार्पणासाठी कोकरू आणायला सांगितलंय. परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ. तिन्हींचं फळ एकच, क्षमा. ऐपत नाही म्हणून कोणी बाहेर राहू नये याची तजवीज विधीतच करून ठेवली आहे.

जुन्या ज्यू परंपरेत लहान मुलांचा धडा लेवीयपासूनच सुरू करत. मुलं शुद्ध आणि अर्पणंही शुद्ध, म्हणून शुद्धांनी शुद्धाचा अभ्यास करावा, असं कारण मिद्राशमध्ये (बायबलवरच्या प्राचीन ज्यू भाष्यांत) दिलंय. मुलांना ते किती रुचत असेल कोण जाणे.

रोज किती वाचावं?

ज्यूंच्या सभास्थानांत तोरा ५४ भागांत वाटलेला असतो आणि दर शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, एक भाग (काही आठवड्यांत दोन जोडून) असा वर्षभरात पूर्ण होतो. प्राचीन काळी इस्राएलच्या भूमीत हेच वाचन तीन वर्षांच्या आसपास चालायचं. पहिल्या खेपेला एका वर्षाचा वेग बरा, कारण सगळं कथानक डोक्यात राहतं. दुसऱ्या खेपेला तीन वर्षं घ्या.

हे सगळं मोशेनेच लिहिलं का?

परंपरा तसं सांगते, आणि परंपरेतल्याच जाणत्यांना यातल्या अडचणी फार आधीपासून दिसत होत्या. अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात मोशेचा मृत्यू आहे, त्याला पुरल्याचा उल्लेख आहे. शेवटची आठ वचनं यहोशवाने लिहिली असं एक मत ताल्मूदमध्येच (ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात) नोंदलंय. दुसरं मत म्हणतं की परमेश्वर सांगत गेला आणि मोशे रडत रडत लिहीत गेला. उत्पत्ती १२:६ मध्ये ‘त्या वेळी त्या देशात कनानी राहत होते’ असं वाक्य आहे. कनानी म्हणजे इस्राएली येण्याआधी त्या देशात राहणारे लोक. मोशेच्या हयातीत ते तिथेच होते, मग ‘त्या वेळी’ असं कोण म्हणेल? बाराव्या शतकातल्या इब्न एझ्रा या ज्यू भाष्यकाराने यावर ‘इथे एक गुपित आहे, शहाण्याने गप्प राहावं’ अशा अर्थाची टीप लिहून विषय सोडून दिला.

पुढे १७५३ मध्ये ज्याँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने देवाच्या दोन वेगवेगळ्या नावांवरून उत्पत्तीमागे वेगवेगळी लिखाणं असावीत, असं मांडलं. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७८ पासून, युलियस वेलहाउझेनने चार मूळ स्रोतांचा सिद्धांत घडवला. आजच्या अभ्यासकांत त्या चार स्रोतांच्या तपशिलांवर बरेच मतभेद आहेत. मात्र हा मजकूर एकाच बैठकीत, एकाच हातून उतरलेला नाही, हे विद्यापीठीय अभ्यासात सर्वसाधारणपणे धरूनच चालतात. श्रद्धावान वाचकांपैकी काहींना हे मान्य नाही, काहींना आहे.

अभ्यासाला बसताना हा वाद मिटवून बसायची गरज नाही. फक्त जोड दिसला तर तो दिसू द्या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी घडतो, दुसऱ्यात तो पशुपक्ष्यांच्या आधी घडतो. या दोन्हींना ओढूनताणून एक करण्यापेक्षा, संकलन करणाऱ्याने दोन्ही शेजारी शेजारी का ठेवली असतील, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

हाती असलेला मजकूर किती जुना आहे?

१९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत या पाचही पुस्तकांचे भाग आहेत. ते दोन हजार वर्षांच्या आसपासचे. त्याहून जुनी वस्तू १९७९ मध्ये यरुशलेममधल्या एका थडग्यात मिळाली: चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या, बहुधा गळ्यात बांधायचे ताईत. गणना ६:२४-२६ मधल्या ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझं संरक्षण करो’ या आशीर्वादाशी जुळणारे शब्द त्यांवर कोरलेले आहेत, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे.

‘अर्थ लावणं’ म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

एक वचन घेऊन बघू. अनुवाद २२:८: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी तिथून पडल्यास तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येईल.

पहिलं काम म्हणजे चित्र डोळ्यांसमोर आणणं. त्या प्रदेशातली घरं सपाट छपराची. लोक वर चढायचे, धान्य-जवस वाळवायचे, उकाड्यात झोपायचे. छप्पर म्हणजे राबता असलेली जागा. दुसरं काम, आज्ञा कोणाला आणि कधी हे पाहणं. ती घरमालकाला आहे, आणि घर बांधतानाच आहे. कोणी पडल्यावर भरपाई द्या असं ती म्हणत नाही. पडायची वेळच येऊ देऊ नका म्हणते. तिसरं, कारण शोधणं, आणि ते वचनातच दिलंय.

आता ज्यांनी हे वचन पाळलं त्यांनी पुढे काय केलं ते बघा. ताल्मूदमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाथान याच वचनाच्या आधारे म्हणतात की घरात चावरा कुत्रा पाळू नये आणि डुगडुगणारी शिडी ठेवू नये. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडिताने आवारातली विहीर आणि खड्डा यांनाही तोच नियम लावला, कठड्याची उंची किमान दहा मुठी ठरवली, आणि माणसं राहत नाहीत अशा इमारतीला सूट दिली. ही सूट मला विस्तारापेक्षाही बोलकी वाटते. नियमाचं कारण कळलं की तो कुठे लागत नाही हेही कळतं.

चित्र, रोख, कारण आणि मग विस्तार. या क्रमातली पहिली पायरी गाळून जे थेट चौथीवर उडी मारतात त्यांच्या हाती बहुधा सुविचार लागतो.

हे नियम शेजारच्या संस्कृतींतून उचललेत का?

साम्य उघड आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची संहिता कोरलेला दगडी स्तंभ १९०१-०२ मध्ये सूसा इथे सापडला. ती संहिता इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातली. मारक्या बैलाचा नियम तिच्यात आहे आणि निर्गम २१ मध्येही आहे. दोन्हीकडे प्रश्न तोच: बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलं होतं का? कायद्याची ही भाषा त्या साऱ्या प्रदेशाची होती.

खरी मजा फरकात आहे. हम्मुराबीकडे बांधकामातल्या कसुरीने घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारतात; अनुवाद २४:१६ म्हणतं, बापाच्या अपराधासाठी मुलाला मारायचं नाही. हम्मुराबीकडे पळून आलेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड. अनुवाद २३:१५ म्हणतं, त्याला धन्याच्या हाती परत देऊ नका, तो म्हणेल तिथे राहू द्या. हे नियम समोरासमोर ठेवून वाचावेत. ‘नक्कल आहे’ आणि ‘जगात कुठेच असं काही नव्हतं’ ही दोन्ही मतं मग आपोआप मवाळ होतात.

६१३ आज्ञा खरंच आहेत का? त्या सगळ्या आज पाळतात?

हा आकडा ताल्मूदमध्ये रब्बी सिमलाईच्या नावे येतो: २४८ ‘करा’ आणि ३६५ ‘करू नका’. यादी मात्र तिथे दिलेली नाही, त्यामुळे पुढच्या पंडितांच्या याद्या थोड्याफार वेगळ्या आहेत; मायमोनिडीसची सगळ्यात प्रसिद्ध. मोठा वाटा मंदिर, याजक आणि अर्पणं यांच्याशी बांधलेला आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि त्या आज्ञा प्रत्यक्षात थांबल्या. काही आज्ञा फक्त इस्राएलच्या भूमीत लागू होतात. म्हणजे ‘आज हे कसं लागू करायचं’ हा प्रश्न आधुनिक माणसाने शोधून काढलेला नाही, तो जवळपास दोन हजार वर्षं रोजचा आहे.

पण नियम बदलायचा अधिकार कोणाला? जे लिहिलंय ते लिहिलंय ना?

याचं उत्तर आधी त्या पाच पुस्तकांतच शोधा. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर निवासमंडपाच्या दारात उभ्या राहून त्या म्हणतात, आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला वतन द्या. मोशे तिथल्या तिथे निकाल देत नाही. प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. उत्तर येतं की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. आणि तो निकाल त्या पाचजणींपुरता न राहता सगळ्यांसाठी वारसाचा नियम होतो.

गोष्ट इथे संपत नाही. ३६व्या अध्यायात त्यांच्याच वंशातले वडीलधारे तक्रार घेऊन येतात: या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्नं केली तर जमीन तिकडे जाईल. मग त्यांनी आपल्या वंशातच लग्न करावं, असं ठरतं, आणि त्या चुलतभावांशी लग्न करतात. कोणाला हा निकाल पुढचं पाऊल वाटेल, कोणाला एक पाऊल मागे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन्ही बाजूंची तक्रार, निकाल आणि निकालातली दुरुस्ती हे सगळं पुसून न टाकता जसंच्या तसं ठेवलंय. गणना ९ मध्येही असंच घडतं. प्रेताला शिवल्यामुळे ज्यांना वल्हांडण (मिसरमधून सुटकेचा सण) पाळता आला नाही ते विचारतात, आम्हीच का वगळले जावे? त्यांना महिन्याभराने दुसरी तारीख मिळते.

ग्रंथ पूर्ण झाल्यानंतरही हे चालू राहिलं. अनुवाद १५ प्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जं माफ. त्याच अध्यायात ताकीदही आहे की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नका. लोकांनी नेमकं तेच केलं, कर्ज देणं थांबवलं. तेव्हा इसवी सनाच्या उंबरठ्यावर होऊन गेलेल्या हिल्लेल या ज्यू गुरूने ‘प्रोजबुल’ नावाचा दस्त काढला: सावकार आपलं येणं न्यायसभेच्या स्वाधीन करतो, त्यामुळे ते माफीत बुडत नाही आणि गरिबाला उसनं मिळत राहतं. याला कोणी पळवाट म्हणेल. पण कर्जमाफी ज्याच्या भल्यासाठी होती त्याच्यावरच तिच्यामुळे उपाशी राहायची वेळ आली होती, हेही विसरता येत नाही. लागू करणं म्हणजे अशा पेचात बसून मार्ग काढणं.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हे क्रूर नाही का?

अक्षरशः घेतलं तर आहेच. ताल्मूदमधले रब्बी त्याचा अर्थ पैशातली भरपाई असा लावतात आणि एका अडचणीवर बोट ठेवतात: आंधळ्याने कोणाचा डोळा फोडला तर काय करणार? त्यांनी भरपाईचे पाच भाग पाडले: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि झालेली मानहानी. मूळ वचनाच्या काळीही ते सूडाला मर्यादा घालणारं होतं, असं बरेच अभ्यासक मानतात. एका डोळ्याबद्दल एकच, अख्खं घर नाही.

ख्रिस्ती माणसाने हे नियम पाळायचे का?

पहिल्या शतकातच यावरून वाद पेटला होता. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमला बैठक भरते आणि ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं आणि पूर्ण नियमशास्त्राचं ओझं घालू नये, असं ठरतं. दुसरीकडे येशू सैतानाने रानात घेतलेल्या परीक्षेत तिन्ही वेळा अनुवादातलीच वचनं उच्चारतो, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर अनुवाद ६ आणि लेवीय १९ यांची सांगड घालतो. दुसऱ्या शतकात मार्सियोन या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करार (ही पाच पुस्तकं ज्यात येतात तो भाग) सोडूनच द्यायचं म्हटलं, तेव्हा चर्चने त्यालाच बाहेर काढलं.

नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक अशी तीन खात्यांत विभागणी करून पहिलं ठेवायचं नि बाकीचं सोडायचं, ही पद्धत तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने नीट मांडली. सोयीची आहे. पण लेवीय १९ उघडा: ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे १८वं वचन, आणि दोन प्रकारच्या धाग्यांचं वस्त्र घालू नको हे लगेच १९वं. मजकुराला ही खाती ठाऊक नाहीत. पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाची रीत मला जास्त पटते. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, या अनुवाद २५:४ मधल्या आज्ञेवरून तो राबणाऱ्याला त्याच्या कामातला वाटा मिळाला पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. म्हणजे आज्ञा टाकून न देता तिच्यातलं कारण पुढे नेतो.

गुलामगिरी, कनान्यांचा संहार, यांचं काय करायचं?

झाकायचं नाही. निर्गम २१ गुलामगिरी गृहीत धरतं. अनुवाद २० कनानी नगरांत श्वास घेणारं काही जिवंत ठेवू नका म्हणतं. नंतरच्या रब्बींनी ही राष्ट्रं आता मिसळून गेली, ओळखू येत नाहीत, असं म्हणून त्या आज्ञेचं दार बंद केलं. पुरातत्त्वाचे अनेक अभ्यासक असा सरसकट विजय झाल्याचे पुरावे नाहीत म्हणतात. दोन्हींनी व्यवहारातला प्रश्न सुटतो, वाचनातला नाही. वचन तिथेच राहतं आणि बोचत राहतं. ते बोचणं थांबवायची घाई करणाऱ्या भाष्यांपासून मी जरा लांबच असतो.

चुकीच्या वापराची उदाहरणंही अभ्यासाचाच भाग आहेत. उत्पत्ती ९ मधला नोहाचा शाप त्याचा नातू कनान याला उद्देशून आहे, तरी तो कनानचा बाप हाम याच्या सगळ्या वंशावर आणि मग आफ्रिकी माणसांवर लादून गुलामगिरीचं समर्थन शतकानुशतकं झालं. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. त्यातून मिसरमधून सुटकेची कथा वगळलेली आहे. छापणाऱ्यांना त्या कथेचा अर्थ नीट कळला होता म्हणायचं.

दहा आज्ञा दोन ठिकाणी वेगळ्या का आहेत?

निर्गम २० आणि अनुवाद ५ शेजारी ठेवून वाचा, शब्बाथाच्या आज्ञेवर थांबा. निर्गमात कारण निर्मितीचं: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण गुलामगिरीचं: तू मिसरात दास होतास हे आठव, म्हणजे तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळेल. मोशे चाळीस वर्षांनी नव्या पिढीपुढे उजळणी करतोय, आणि उजळणी करताना आज्ञा तीच ठेवून कारण वेगळं देतोय. सुट्टी स्वतःसाठी की हाताखालच्या माणसासाठी, यावर गटात तासभर चर्चा सहज होते.

हिब्रू शिकावी लागेल का?

सुरुवातीला नाही. दोन-तीन भाषांतरं समोर ठेवा. जिथे ती एकमेकांशी भांडतात तिथे मूळ मजकूर अवघड आहे असं समजा आणि भाष्य उघडा.

एकट्याने वाचावं की गटात?

दोघांनी. ज्यू पाठशाळांत जोडीने बसून मोठ्याने वाचायची आणि वाद घालायची रीत आहे, तिला हेव्रुता म्हणतात. एकटा माणूस अवघड वचनावरून नकळत पुढे सरकतो. मोठ्या गटात एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. समोर एकच माणूस असला की ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ या प्रश्नाला बगल देता येत नाही. जोडीदार आपल्याच मताचा नसेल तर उत्तम.

देवावर विश्वास नसेल तर याचा उपयोग काय?

अनुवाद २४ वाचा. उसनं दिलेल्याबद्दल गहाण घ्यायला गेलास तर कर्जदाराच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नकोस, त्यावर त्याचं पोट आहे. गरिबाचं पांघरूण घेतलंस तर सूर्य मावळताना परत दे, त्याला ते पांघरून झोपू दे. वसुलीला आलेल्याने उंबरठ्याबाहेर थांबायचं, एवढ्या बारकाईने कर्जदाराची अब्रू सांभाळणारा हा कायदा आहे. तो पटायला श्रद्धेची अट नाही.

कोणतं भाष्य घ्यावं?

राशीपासून सुरुवात करा. फ्रान्समधल्या त्र्वा इथे राहिलेला हा अकराव्या शतकातला भाष्यकार (१०४०-११०५) फार थोडक्यात लिहितो, आणि आधी सरळ अर्थ सांगतो. त्याला उत्तर देणारा हवा असेल तर तेराव्या शतकातला नाखमानिडीस. तो राशीचं मत मांडतो आणि बरेचदा खोडून काढतो. त्यांच्या जोडीला प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास धरून लिहिलेलं एखादं आधुनिक भाष्य ठेवा. मात्र कोणतंही उघडण्याआधी वचनावर आपले स्वतःचे प्रश्न कागदावर लिहून काढा. भाष्य आधी वाचलं की आपल्याला फक्त त्यातलेच प्रश्न पडायला लागतात.